म्हाताऱ्यालाही काही हवं असू दे

इतवारी, नागपूर
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

चि. सोनू,


तुझ्या चित्रपुस्तकाची कच्ची पानं मिळाली. रंग सुरेख उतरलेत. गोष्टीचं मात्र बोलायला हवं. तुझे आजोबा पहिल्या पानावर उपदेश सुरू करतात ते मलपृष्ठापर्यंत थांबत नाहीत, आणि नातू नुसती मान डोलावतो. ही शिकवणी झाली, मैत्री कुठाय? त्या म्हाताऱ्याला पोराकडून काही म्हणजे काहीच नकोय.

मेम फॉक्स या ऑस्ट्रेलियन लेखिकेचं १९८४चं एक पुस्तक आहे, चित्रं ज्यूली व्हिवासची. पोराचं लांबलचक नाव हेच पुस्तकाचं नाव: ‘विल्फ्रिड गॉर्डन मॅकडॉनल्ड पार्ट्रिज’. शेजारच्या वृद्धाश्रमातल्या ९६ वर्षांच्या नॅन्सीबाई त्याच्या सगळ्यात लाडक्या, कारण त्यांचंही नाव त्याच्यासारखंच चार शब्दांचं. (मुलांना दोस्तीला एवढं कारण पुरतं!) बाईंना आठवेनासं झालंय, हे आईबाबांच्या बोलण्यातून त्याच्या कानी येतं. आठवण म्हणजे काय, हे तो आश्रमातल्या एकेकाला विचारत सुटतो, आणि मग टोपलीत भरून नेतो शिंपले, दोरीची बाहुली, आजोबांनी दिलेलं पदक, फुटबॉल आणि कोंबडीखालून उचललेलं गरम अंडं. अंडं हातात घेतल्यावर बाईंना मावशीच्या बागेतल्या घरट्यातली इवली निळी अंडी आठवतात. पदकावरून लढाईवर गेलेला, न परतलेला भाऊ. इथे देणारा पोरगा आहे, आणि आपण केवढं दिलं याचा त्याला पत्ताही नाही.

आपल्याकडे माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ पुन्हा काढून बघ. लेखणी आणि कुंचला दोन्ही त्यांचेच. घरातल्या माणसांची ओळख राधाच करून देते; मोठी माणसं कशी आहेत हे सांगायचा हक्क पोरीचा.

आणि तुझ्या प्रत्येक चित्रात आजोबा आरामखुर्चीत, पोरगा पायाशी असं का? दोघांना एकाच ओट्यावर बसव की.

काल सकाळी मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक गेली, संध्याकाळी पोरं लाकडी बैल घेऊन निघाली. आमच्या गल्लीतल्या एका चिमुरडीच्या बैलाचं चाक ऐन वेळी निघालं. शेजारचे म्हातारबा हातोडी घेऊन आले, पण हात थरथरतात, खीळ काही भोकात बसेना. पोरीनं खीळ धरली, त्यांनी ठोकली. मग दोघं मिळून घरोघर बैल दाखवून बोजाऱ्याचे पैसे मागून आले. आमच्या दारी चिल्लर मोजताना वाटणीवरून जुंपली.

“खीळ कोनं ठोकली?” म्हातारबा म्हणाले.

“बैल तं माहा हाये न!”

ते खरंच अर्धा वाटा मागत होते, गंमत म्हणून नव्हे. असा म्हातारा काढ मला. नातं कुठलं, ते नाही सांगितलंस तरी चालेल.

पुढची पानं मोबाइलवर धाडू नकोस, मोठ्या कागदावर छापून पाठव.

तुझी,
मावशी