सायकलचा दिवा

दिवाळी झाली की उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मग राजारामपुरीतल्या ऑफिसातून बालिंग्याला सायकलने घरी यायचं म्हणजे फुलेवाडीच्या पुढे जीव मुठीत! दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. गेल्या वर्षी अशाच एका उभ्या ट्रॉलीत घुसता घुसता राहिलो. दुसऱ्याच दिवशी १००० ल्युमेनचा दिवा मागवला. (इंजिनियर माणूस, मोठा आकडा दिसला की भुलतो.)

आठवडाभर झकास चाललं. मग एका संध्याकाळी समोरून सायकलला दुधाच्या किटल्या अडकवलेले एक काका आले आणि थेट साइडपट्टीवरून खाली गेले. लागलं नाही, पण दूध सांडलं. "डोळं फोडतोस काय रं?" म्हणाले. काय बोलणार!

मग जरा वाचलं. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. तो रस्त्यावर किती पडतो, ते लक्समध्ये मोजतात. माझा झोत टॉर्चसारखा गोल, म्हणजे बराचसा उजेड झाडांना आणि समोरच्याच्या डोळ्यांना. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोतही मोटारीसारखा वरून कापलेला लागतो. बाबांच्या सायकलचा डायनॅमो जेमतेम ३ वॅटचा, पण बिचारा कुणाला आंधळं करत नव्हता. अर्थात सायकल थांबली की अंधार, ते सोडा.

शेवटी कापलेल्या झोताचाच घेतला, कमी ल्युमेनचा. खड्डे छान दिसतात. ट्रॉलीवरचा ऊस मात्र पूर्वीइतका लांबून दिसत नाही, म्हणून फुलेवाडीनंतर वेग कमी ठेवतो. घरी पोचायला पाच मिनिटं उशीर होतो, होऊ दे.