हळू गाडी पुढे

मे महिना लागला, शाळांना सुट्ट्या पडल्या की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा कुठं जायचं? त्यातून जुन्या मित्राचं कुटुंब बरोबर येणार असेल तर उत्साहाला पारावार राहत नाही. गाड्या, हॉटेलं, थंडीचे कपडे, खाण्याचे डबे, सगळ्याची चर्चा होते. एका गोष्टीची मात्र होत नाही. वीस वर्षांपूर्वी एका खोलीत राहणारे दोन मित्र आज सारख्याच चालीनं चालू शकतात का?

२०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी दोन मराठी कुटुंबं दिल्लीहून कुमाऊँकडे निघाली. एक दिल्लीतच स्थायिक झालेलं, दुसरं दोन दिवस आधी इंदूरहून आलेलं. दोघे मित्र पुण्याच्या वसतिगृहात चार वर्षं एका खोलीत राहिलेले. दिल्लीकरांची नोकरी उत्तम चाललेली, दाराशी नवीकोरी मोठी गाडी. इंदूरकरांचा छोटा कारखाना २०२० च्या टाळेबंदीत आजारी पडला, तो अजून पुरता सावरला नव्हता. गाडीही अकरा वर्षांची. पण हे त्यांनी फोनवर कधी सांगितलं नव्हतं. जुन्या मित्राला काय काय सांगायचं!

पहाटे चारला दिल्ली सोडली. हापूर, मुरादाबाद, रामपूर मागं पडलं. दिल्लीच्या वहिनींच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, इंदूरच्या वहिनींची लसूण शेव, असा नाश्ता झाला. काठगोदामला सपाट प्रदेश संपतो. मैदानातून आलेली रेल्वेही इथंच थांबते. पुढं सगळा चढ आणि वळणं.

तिथूनच बिनसायला लागलं. दिल्लीकरांची गाडी चढावर सुसाट निघून गेली. इंदूरकरांची दुसऱ्या गिअरमध्ये कुथत चढत होती. त्यात त्यांच्या पाचवीतल्या मुलाला गाडी लागली. वळणांवर कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा ‘आपण हलतोय’ म्हणते, आणि मोबाईलवर खिळलेले डोळे ‘स्थिर आहोत’ म्हणतात. या गोंधळात पोट ढवळून निघतं. चार वळणांत दोनदा गाडी थांबवावी लागली.

भीमतालच्या अलीकडे एका टपरीवर दिल्लीकर अर्धा तास वाट पाहत होते. त्यांचा चहा, भजी सगळं आटोपलं होतं.

“काय रे, बैलगाडी आणलीस की काय?” ते हसत म्हणाले.

वसतिगृहात याच्या दसपट बोलणं चालायचं. पण तेव्हा मागं बायको नव्हती, आणि मांडीवर डोकं ठेवून पडलेलं पोरगंही नव्हतं. इंदूरकर नुसतेच हसले. टपरीचे पैसे दिल्लीकरांनी दिले. वाटेतल्या जेवणाचेही त्यांनीच दिले होते. संध्याकाळी तलावात नावेतून फिरून आल्यावर पुन्हा त्यांचाच हात खिशात गेला, तेव्हा इंदूरच्या वहिनी शांतपणे म्हणाल्या,

“भाऊजी, प्रत्येक वेळी तुम्हीच पैसे दिलेत, तर पुढच्या वेळी आम्हाला येता येणार नाही.”

दिल्लीकरांना काही सुचेना. त्यांच्या मनात मोठेपणा मुळीच नव्हता. मित्र इतक्या लांबून आला आहे, त्याचं करावं, एवढंच. पण करणाऱ्याला जे प्रेम वाटतं, ते घेणाऱ्याला कधी कधी ओझं होतं. वीस वर्षांच्या मैत्रीला तडा जायला मोठं भांडण लागत नाही. अशी न बोललेली चार बिलं पुरतात. दोन्ही कुटुंबं घरी परततात, पुढच्या मे महिन्यात कुणीच फोन करत नाही, आणि का, तेही कुणी विचारत नाही.

त्या रात्री दिल्लीच्या वहिनींनी एक कापडी बटवा काढला. प्रत्येक कुटुंबानं त्यात पाच-पाच हजार टाकायचे. चहा, जेवण, नाव, फळं, सारं त्यातून. पेट्रोल आणि खोली ज्याची त्यानं पाहायची. बटवा दिल्लीकरांच्या नववीतल्या मुलीकडे दिला. कौसानीचं महागडं हॉटेलही रद्द झालं, आगाऊ भरलेले दोन हजार बुडाले. दिल्लीकर त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्याऐवजी तिथल्या कुमाऊँ मंडल विकास निगमाच्या पर्यटक निवासात खोल्या घेतल्या.

दुसऱ्या सकाळी आणखी एक बदल झाला. इंदूरकरांची गाडी पुढे, दिल्लीकरांची मागे. घाटात दोन गाड्या बरोबर न्यायच्या तर हळू गाडी पुढे ठेवावी, हे डोंगरातले चालक जाणतात. मागची सशक्त गाडी पुढच्याला नजरेआड होऊ देत नाही, आणि पुढच्याला धापा टाकत कुणाला गाठायचं नसतं. आपल्याकडचा वाहतुकीचा नियमही असंच सांगतो. अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. ज्याला ओझं जास्त, त्याचा मान आधी.

पोरगं आता दिल्लीकर काकांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसलं, मोबाईल बंद, नजर दूर डोंगरावर, तोंडात आलेपाकाची वडी. भवालीला बटव्यातून आडू आणि आलूबुखार घेतले. कैंची धामला गर्दी होती, तरी घाई कुणालाच नव्हती. खैरन्यापासून कोसी नदीची सोबत सुरू झाली. अल्मोड्याला साखरेचे पांढरे दाणे लावलेली तपकिरी बाल मिठाई आली. उतारावर दोन्ही गाड्या खालच्या गिअरमध्ये चालल्या. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐन वेळी दगा देतो.

कौसानी सुमारे १८९० मीटर उंचीवर आहे. १९२९ मध्ये महात्मा गांधी इथं राहिले होते आणि गीतेवरच्या ‘अनासक्तियोग’चं काम त्यांनी इथं केलं. तिथल्या अनासक्ती आश्रमासमोर त्रिशूळ, नंदादेवी ही शिखरं रांगेनं उभी असतात, असं सारेच ऐकून होते. प्रत्यक्षात समोर दिसला राखाडी पडदा. उन्हाळ्यात मैदानातली धूळ आणि चीडच्या वाळक्या सुयांना लागणाऱ्या वणव्यांचा धूर यांनी हवा गढूळ होते. स्वच्छ दर्शनाचे महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर.

हिमालय दिसत नव्हता, म्हणून दोघे मित्र व्हरांड्यात बोलत बसले. कारखान्याचं कर्ज, विकावा लागलेला प्लॉट, दिल्लीकरांच्या वडिलांचं शेवटचं आजारपण. फोनवर कधीच न निघालेले विषय त्या रात्री निघाले. मध्येच पाऊस येऊन गेला. त्यांना झोपायला दोन वाजले.

पावसानं हवा धुऊन निघाली होती. पहाटे पाचला दोन्ही वहिनी आणि मुलं शाली गुंडाळून अंगणात उभी राहिली, आणि त्रिशूळाची तिन्ही टोकं आधी गुलाबी, मग सोनेरी झाली. अर्ध्या तासात पुन्हा ढग आले. दोघे मित्र मात्र घोरत होते.

“त्यांना उठवायचं का?” मुलीनं विचारलं होतं.

“राहू दे,” इंदूरच्या वहिनी म्हणाल्या, “त्यांना काल रात्रीच दिसलं सगळं.”

परतल्यावर बटव्यात तीनशे चाळीस रुपये उरले. ते वाटून घेऊ नयेत, असं मुलांनी ठरवलं. बटवा मुलीच्या कपाटात आहे.

मित्रांनी एकमेकांना निवडलेलं असतं. त्यांच्या बायका-मुलांनी तसं निवडलेलं नसतं, त्यांना ही मैत्री आयती मिळते. ती त्यांचीही व्हावी असं वाटत असेल, तर सुट्टीचे बेत आखताना ज्याचा खिसा लहान, ज्याची गाडी जुनी, ज्याचं पोट नाजूक, त्याला आधी विचारावं. मुक्कामाला पोहोचायला तासभर उशीर होईल, पण सगळे मिळून पोहोचतील.