मांडीवरचे मूल आणि संगणकातले मूल

बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात सायंकाळी वाहने मुंगीच्या गतीने सरकत असतात. मोटारीच्या पुढच्या आसनावर आई, तिच्या मांडीवर वर्षाचे मूल. पट्टा आईला आहे, मुलाला नाही. आईच्या मिठीहून सुरक्षित जागा ती कोणती, ही समजूत जुनी आहे. आकडेमोडीपुढे मात्र ती टिकत नाही. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. हा वेग दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात शून्यावर आला, तर १० किलोच्या मुलाला रोखायला सरासरी १४०० न्यूटन बल लागते. म्हणजे जवळजवळ १४० किलोचे ओझे अचानक पेलणे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या 'भारत एनकॅप' चाचण्यांत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या डमी बसवतात. डमी त्वरण मोजते. तिचे यकृत फाटत नाही, कारण तिला यकृतच नसते. शिवाय मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे. जन्मतः डोके उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढे, मान कोवळी, आणि कटीचे हाड अजून पुरते घडलेले नसल्याने पट्टा त्यावरून निसटून पोटात रुततो.

म्हणून संगणकात मूल घडवावे लागते. सीटी स्कॅनमधून आकार घेऊन शरीराचे असंख्य सूक्ष्म घटक पाडतात. गणनेचा प्रत्येक टप्पा सर्वांत लहान घटक ओलांडायला ध्वनीला लागणाऱ्या वेळाहून मोठा असून चालत नाही. हा वेळ मायक्रोसेकंदाच्या आसपास असतो. त्यामुळे डोळ्याच्या पापणीएवढ्या अपघातासाठी लाखभर टप्पे मोजावे लागतात. युरोपातील 'पायपर' प्रकल्पात (२०१३–१७) दिल्लीची आयआयटीही सहभागी होती. त्यातले बालप्रतिमान दीड ते सहा वर्षांपर्यंत हव्या त्या वयाचे करता येते आणि ते सर्वांसाठी खुले आहे.

पडद्यावरची रंगीत चित्रे पाहून भुलू नये, हेही खरे. मुलांच्या ऊतींवरील प्रत्यक्ष प्रयोग विरळाच आहेत, आणि ते विरळ असणेच योग्य. परिणामी पुष्कळ गुणांक प्रौढांच्या मापांवरून खाली ओढलेले असतात. अशा प्रतिमानाने दोन आसनांतले बरे कोणते हे सांगावे. अमुक मूल वाचेल, असे सांगू नये.

मुलाला पट्टा किंवा बालआसन नसल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार १००० रुपये दंड आहे. सिल्क बोर्डला सिग्नल सुटतो. संगणकातले मूल आसनात ताठ बसलेले असते. इथे शेजारच्या स्कूटरवर वडिलांच्या पुढ्यात एक मूल उभे आहे, आरशाची दांडी धरून, अर्धवट झोपेत.