चुन्याचा 'एच' आणि फाटकी बाही

दिना नदी फुगली की आमच्या मुलचेरा तालुक्यातले रस्ते बंद पडतात. मग अडलेल्या बाईला हेलिकॉप्टरचाच आधार. दोन पावसाळ्यांपूर्वी वहिनीसाठी आम्ही तसेच मैदानात उभे होतो.

चुन्याने काढलेला 'एच' पावसाने धुऊन गेलेला. काठीवरची वारा दाखवणारी कापडी बाही फाटून लोंबत होती. हेलिकॉप्टर वर घिरट्या घालत राहिलं. शेवटी पोरांनी काटक्या पेटवून ओला पाला टाकला. धूर कुठं वळतो ते वरून दिसलं, तेव्हा ते उतरलं.

विमान असो की हेलिकॉप्टर, शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं. वाऱ्याने आधार मिळतो, वेग आवरतो. म्हणून लहान धावपट्टीवर साधारण ४ मीटरचा पांढरा 'टी' ठेवतात. उभ्या दांडीवरून आडव्या पट्टीकडे उतरायचं. बाही असेल तर शेपटीकडून तोंडाकडे. साधी खूण, पण वरच्या माणसाला तीच हवी असते.

जिल्ह्याला विमानतळ हवा, हे सगळेच बोलतात. माझी मागणी लहान आहे: दर मे महिन्यात 'एच'ला पक्का रंग आणि काठीला नवी बाही.

वहिनी आणि पोरगी ठणठणीत आहेत. पण दरवेळी धूर करायला पोरं असतीलच असं नाही.