सरकारची गादी, आपली सतरंजी

आषाढातील एका सायंकाळी मुंबईहून पुण्यास येण्याकरिता दख्खनच्या राणीच्या त्या काचमंडित डब्यात, रेल्वेच्या दप्तरी ज्याची नोंद 'व्हिस्टाडोम' या नावाने झाली आहे, मी प्रवेश केला, तेव्हा पुढच्या रांगेतील एक वृद्ध बाई, आपल्यासाठी राखून ठेवलेल्या रुंद, मऊ आणि मागे कलणाऱ्या आसनावर बसण्यापूर्वी, पिशवीतून एक धुतलेली चादर काढून तिची चौघडी त्यावर अंथरीत होत्या. बरोबरचा नातू संकोचाने इकडेतिकडे पाहत म्हणाला, "आजी, अगं सीट स्वच्छच आहे." त्यावर आजी, "असू दे की. चादरही स्वच्छच आहे," एवढे बोलून स्थानापन्न झाल्या.

१५ ऑगस्ट २०२१ पासून या गाडीस जोडला जाणारा तो डबा प्रेक्षणीय आहे, यात वाद नाही. चव्वेचाळीसच आसने, जमिनीपासून निघून छतापर्यंत जाऊ पाहणाऱ्या खिडक्या, छतातही काच, आणि खालची कळ दाबली की स्वतःभोवती अर्धे वर्तुळ फिरणारी खुर्ची. ज्या मुलखाकडे आपण चाललो आहो त्याकडे तोंड करावे की ज्याचा निरोप घेतला त्याकडे, हे ठरविण्याची मुभा रेल्वेने येथे प्रवाशास दिली आहे. बहुतेक मंडळी या मुभेचा उपयोग खुर्च्या समोरासमोर करून फराळाचे डबे उघडण्यासाठी करतात, आणि मला ते सर्वथा योग्य वाटते. परंतु त्या दिवशी माझे लक्ष ना खुर्चीत राहिले ना खिडकीत, कारण ती चादर पाहताक्षणी मला आमच्या मामांची वळकटी आठवली होती.

मामा महसूल खात्यात कारकुनीपासून चढत चढत मामलेदार झाले, आणि त्या बढतीबरोबर सरकारी कामाकरिता पहिल्या वर्गाने प्रवास करण्याचा हक्क त्यांना प्राप्त झाला. पहिल्या वर्गाचे भाडे सरकारातून वसूल करावे, प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाने जावे आणि फरकाची रक्कम खिशात घालावी, असा व्यवहार करणारे हुद्देदार त्या काळी थोडे नव्हते. मामांचा मात्र दंडक असा की, सरकारी कामास पहिला वर्ग, घरच्या लग्नामुंजीस तिसरा, आणि या दोहोंची सरमिसळ कदापि नाही. एकदा सचिवालयातील कामासाठी जाताना, पोराला समुद्र दाखवावा म्हणून, त्यांनी माझे पहिल्या वर्गाचे अर्धे तिकीट पदरच्या पैशाने काढले, तेव्हा तेवढ्या रकमेत घरात काय काय आले असते याची फेरिस्त माझी आजी पुढे कितीतरी दिवस सांगत असे.

ती वळकटी म्हणजे एक संस्थानच होते. जाड खाकी कॅनव्हासचा तो पट्टा उलगडला की दोन्ही टोकांना खोळी. एकीत उशी आणि घडी केलेले धोतर, दुसरीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वहाणा. मध्ये सतरंजी, तीवर घोंगडी, घोंगडीवर चादर. आणि हे सारे गुंडाळून चामड्याचे दोन पट्टे आवळायचे, ते आवळताना मामा गुडघा टेकून असा जोर लावीत की बकलाची जीभ नेहमीच्या भोकाच्या पुढील भोकात जावी. शेजारी फिरकीचा तांब्या. एवढा सरंजाम घेऊन आम्ही पहिल्या वर्गात चढलो, तो समोर हिरव्या रंगाची, बोट लावताच दबणारी, रेल्वेची स्वतःची गादी. मी तीवर उडी घेणार तोच मामांनी मला दंडाला धरून बाजूस केले, पट्टे सोडले, आणि त्या गादीवर आपली सतरंजी, घोंगडी व चादर यथासांग पसरली. समोरच्या बाकावरील सुटाबुटातले गृहस्थ वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहू लागले, तेव्हा मामा अत्यंत सौजन्याने त्यांना म्हणाले, "गादी सरकारची. आज आहे, उद्या नाही. सतरंजी आपली."

गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी पान उलटले, आणि मग दादरपर्यंत त्या डब्यात कोणी एक अवाक्षर काढले नाही. मामांची जी तळमळ झाली ती मी कधी विसरणार नाही. तिसऱ्या वर्गात तळेगाव येईतो दोघातिघांच्या फेरफाराच्या नोंदी, एकाचा बांधाचा तंटा आणि कोणाच्या तरी मुलीसाठी आलेल्या स्थळाची कुळकथा त्यांच्या कानी पडलेली असे, आणि कित्येकदा लोणावळ्यापूर्वीच तंट्याचा तोंडी निवाडाही होऊन जाई. येथे त्यांना निवाडा करण्यास कोणी देईना. अखेर कर्जतनंतर त्यांनी कामाचे बासन सोडले आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक कागदांशी ताडून पाहण्यास आरंभ केला. ते सर्व बिनचूक निघाले, याचाही त्यांना विषादच वाटला असावा.

दर्जा ही वस्तू किती अंशी लाकडाची, किती कापसाची आणि किती केवळ शाईची, याचा विचार करावयास दख्खनच्या राणीइतके सोयीचे उदाहरण नाही. १ जून १९३० रोजी ती धावू लागली तेव्हा तीत पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाच्या माणसाने तिचे चकचकीत डबे फलाटावरून पाहावे आणि दुसरी गाडी धरावी. १९४९ च्या आरंभी तिचा पहिला वर्ग रद्द होऊन दुसऱ्यासच पहिला म्हणू लागले. जून १९५५ मध्ये तिसऱ्या वर्गास तीत पाऊल ठेवण्याची परवानगी मिळाली. आणि १९७४ च्या एप्रिलात या तिसऱ्या वर्गाचे नामकरण दुसरा असे झाले. म्हणजे मार्च महिन्यात तिसऱ्या वर्गाचा म्हणून बाकावर टेकलेला मनुष्य, त्याच बाकाच्या त्याच फळीवर, एप्रिलात दुसऱ्या वर्गाचा होऊन बसला. हुकूम निघाला, पाटी रंगली. देशभरातल्या लाकडी बाकांना मात्र या बढतीची वार्ताही नव्हती.

ती वार्ता बाकांपर्यंत पोहोचविली मधु दंडवते यांनी. पदार्थविज्ञानाचे हे प्राध्यापक, राजापूर मतदारसंघातून निवडून गेलेले, १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनफळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्याची तजवीज केली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई ते हावडा धावू लागलेली गीतांजली एक्स्प्रेस वर्गविहीन होती. पहिल्या वर्गास खाली ओढण्यात त्यांना स्वारस्य नव्हते, दुसऱ्यास वर उचलण्यात होते. आणि वर उचलण्याचे माप त्यांनी दोन इंच एवढे नेमस्त ठरविले, ही मला त्यांच्या समाजवादातील सर्वांत रसिक गोष्ट वाटते. क्रांतीची मापे सहसा इतकी सांगण्याजोगी नसतात. मंत्रिमंडळ १९७९ मध्ये कोसळले. दंडवत्यांची गादी गेली, दुसऱ्या वर्गाची राहिली. आणि त्या फोमापाठोपाठ, कोणी बंदी न घालता, वळकट्या फलाटांवरून नाहीशा होत गेल्या. तेव्हा, आसनव्यवस्थेच्या सुधारणांची तुलनाच करावयाची, तर काचेच्या छतास मी दुसरा क्रमांक देईन.

दुसरा क्रमांकही लहान नव्हे. कर्जतला मागून ढकलणारी इंजिने जोडून गाडी बोरघाट चढू लागली, तेव्हा छताच्या काचेवर पावसाचे ओघळ मागे मागे धावू लागले आणि डोंगरकड्यांवरील धबधबे, एरवी जे खिडकीच्या चौकटीत मध्येच तुटलेले दिसतात, ते उगमापासून दृष्टीस पडले. सदतीस फुटांत एक फूट असा तो चढ. १८५६ मध्ये काम सुरू झाले; एका वेळी चाळीस हजारांच्या घरात मजूर राबले आणि पटकीने त्यांतले असंख्य नेले. सॉलोमन ट्रेडवेल हा मक्तेदार १८५९ साली येथे येऊन काही आठवड्यांतच मरण पावला, तेव्हा मक्ता त्याच्या पत्नीने, ॲलिसने, आपल्या हाती घेतला आणि १८६३ त घाट खुला झाला. परंतु या डब्यातील खरे आश्चर्य बोगद्यात आहे. गाडी आत शिरते, बाहेरचे सारे पुसले जाते, आणि छत एकदम आरसा होते. क्षणापूर्वी मान वर करून ढग पाहणाऱ्या सर्व मंडळींस आपापलीच उताणी मुखे, उघडी तोंडे आणि मांडीवरचे चिवड्याचे कागद डोक्यावर लटकलेले दिसतात. कोणी केस सारखे करतो, कोणी तोंड मिटतो. असे आत्मदर्शन पंचवीसांहून अधिक वेळा घडते.

१० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई ते सोलापूर जाणारी वंदे भारत याच घाटाने जाते, तीही मागच्या इंजिनांवाचून, आणि अतिशय दिमाखात. तिच्यात वरच्या वर्गाची खुर्ची फिरते, खालच्या वर्गाची फिरत नाही; परिणामी चेअर कारमधील निम्मे प्रवासी पुण्यास पाठमोरे पोहोचतात. मानमरातबाची इतकी उघड व्यवस्था पेशवाईच्या दरबारातही होती की नाही, कोण जाणे! माझी तक्रार नाही. पाठमोरे बसून घाट पाहणे हे मला तितकेसे वाईटही वाटत नाही, कारण पुढून येणारा देखावा अंगावर येतो, मागे जाणारा निवांत सापडतो.

तरीही कोणी सल्ला विचारलाच, तर मी वर्गाच्या भानगडीत न पडता राणीच्या भोजनयानात जाऊन बसण्यास सांगेन. तेथील खुर्च्यांस फिरण्याचे वेड नाही, समोर टेबल आहे, पलीकडे अनोळखी पण बोलका मनुष्य असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि कटलेट गरम असते. मात्र मागणी कर्जतपूर्वी नोंदवावी. घाटात सर्वांनाच एकदम भूक लागते.