कथेचा हंगाम

टिटवाळ्याच्या बाजारात शेवळं दिसायला लागली की दिवाळी अंकांची आवाहनंही येऊ लागतात. पहिला पाऊस पडून दोन-चार दिवस झालेले असतात. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या कातकरी, ठाकूर बाया स्टेशनबाहेर ओळीनं बसतात. पुढ्यात शेवळांच्या जुड्या आणि शेजारी काकडांचा वाटा, कारण काकडांशिवाय शेवळं शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. त्याच आठवड्यात फोनवर कुणीतरी पाठवतं : दिवाळी अंकासाठी कथा हव्यात, शब्दमर्यादा अमुक, युनिकोडमध्ये टंकलेली, अप्रकाशित, अन्यत्र कुठे न पाठवलेली. आई शेवळं निवडत बसते आणि मी शब्द. दोन्हीकडे टाकायचंच जास्त, ठेवायचं थोडं.

कथेलासुद्धा हंगाम असतो हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर वाटायचं, सुचली की लिहायची, लिहिली की पाठवायची. पण पौष-माघात कथा लिहून झाली तर ती पाठवायची कुठे? रविवारच्या पुरवण्यांतून कथा जवळजवळ गेलीच. मासिकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मग कथा फोनच्या पोटात झोपून राहते आणि मृग लागला की जागी होते.

का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा तो एका चालत्या मासिकाचा खास अंक होता. मासिक वर्षभर निघायचंच, दिवाळीला जरा नटून निघालं इतकंच. आज पुष्कळ नावं अशी आहेत की ती दिवाळीलाच उगवतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मावळतात. दिवाळी अंकांचं कौतुक मीही करते. एवढं कथावाङ्मय एका सणाला छापणारी भाषा आपली, याचा अभिमान वाटतोच. पण कथा शिकणाऱ्याच्या बाजूनं हिशेब मांडला की तो जरा वेगळा निघतो. जूनमध्ये पाठवलेली कथा दुसरीकडे द्यायची नाही, हा शिष्टाचार. ती घेतली की नाही हे बहुतेक वेळा अंक हातात पडल्यावरच कळतं. तेव्हा दिवाळी उलटलेली असते आणि पुढची दारं एकदम पुढच्या पावसात उघडतात. एक कथा, एक दिवाळी. पदवीच्या तीन वर्षांत शिकण्याच्या जेमतेम तीन फेऱ्या पदरात पडतात. सतार शिकणाऱ्याला वर्षातून एकदाच तार छेडायला दिली तर तो काय शिकेल?

'सत्यकथा' मासिक होतं, ही गोष्ट आपण तिच्या थोरवीच्या गप्पांत विसरतो. 1933 ते 1982 एवढा काळ ते निघालं. गिरगावातल्या खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेल्या कथा वाचत, लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, बदल सुचवत, परत मागवत. त्या पत्रांचं महत्त्व मोठंच, पण ती महिन्यामहिन्यांच्या चक्रात जात होती, हे मला त्याहून मोठं वाटतं. कथा परत आली तर ती दुरुस्त करून त्याच वर्षात पुन्हा धाडता येत असे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत, इंग्रजी शिकवत आणि तिथून टपालानं गिरगावाशी बोलत. धारवाड कुठे, टिटवाळा कुठे! मला कल्याणला पोचायला आंबिवली, शहाड एवढीच स्टेशनं मध्ये लागतात. लांब राहतो म्हणून राहून गेलं, ही सबब आम्हाला नाही. अर्थात त्या दारातून सगळ्यांना आत घेतलं जात होतं असंही नाही. साठच्या दशकात लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी त्या अभिरुचीविरुद्ध जो दंगा केला, तो उगाच नव्हता. पण ज्याच्याशी भांडायचं तो उत्तर तरी देत होता.

मला पहिलं उत्तर मिळालं ते आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. तिथले काका उमेदीच्या वर्षांत गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवण्यात जन्म गेला, मग ऑफसेट आलं, चाळीतली खोली मुलांना पुरेना, आणि गिरगाव सुटून माणूस डोंबिवली ओलांडून टिटवाळ्याला आला. अशी माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. काका फोनवर काही वाचत नाहीत. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून न्यायची, तीही एका बाजूला छापलेली. दुसऱ्या बाजूला काही असलं की त्यांना कागदाचा अपमान वाटतो. हातात पेन्सिल. ती अक्षरांवरून अशी सरकते की माणूस कथा वाचतोय की प्रूफं, कळत नाही. समासात काढून टाकण्याची खूण एका झटक्यात, शेपटी वर.

"अगं, या कथेत तीनदा पाऊस पडलाय. एकदाच पाड."

दुसरं काही बोलले नाहीत. मला राग आला होता. जिन्यातून खाली येईपर्यंत तीन पावसांतले दोन गेले होते.

टिटवाळ्यात लिहिणारा प्रत्येक जण आधी शकुंतलेवर लिहितो, हे मी पैजेवर सांगेन. इथे कण्व ऋषींचा आश्रम होता, दुरावलेला दुष्यंत पुन्हा भेटावा म्हणून शकुंतलेनं गणपतीची आराधना केली, अशी आख्यायिका. थोरल्या माधवराव पेशव्यांनी देऊळ नीट बांधलं, ही त्यापुढची गोष्ट. लग्न जमावं म्हणून लोक लांबून इथे येतात ते या शकुंतलेमुळेच. अंगारकीला तर मध्यरात्रीपासून रांग लागते, लोकलला पाय ठेवायला जागा नसते आणि आम्ही गावातली माणसं त्या दिवशी शक्यतो घराबाहेर पडत नाही. तर माझीही एक शकुंतला होती. काळू नदीच्या काठावर बसून रडणारी. काकांनी ती वाचली आणि विचारलं, "हिला भूक लागते का कधी?"

मग मी देवळाच्या वाटेवर दूर्वा विकणाऱ्या एका बाईकडे बघायला लागले. तिच्याकडे न बघता कित्येक वर्षं त्याच वाटेनं गेले होते. ती बोलत असते गिऱ्हाइकाशी, डोळे रस्त्यावर आणि बोटं आपापली एकवीस मोजत असतात. तीन पात्यांची दूर्वा तेवढी वर येते, बाकीचं गवत अंगठ्यानं बाजूला. जुडीला दोरा दोन वेढे, टोक दातानं तुटतं. जास्वंदीच्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, कारण उमललेलं फूल उन्हाच्या आधी विकलं गेलं नाही तर गेलंच. नखांच्या कडा कायमच्या हिरव्या-काळ्या. तिला आया आणि त्यांच्या मुली ओळखीच्या झालेल्या असतात. दर चतुर्थीला येणारी जोडी ती लांबून ओळखते आणि जुडी आधीच हातात धरते.

कथा तिथून आली. एक आई आणि मुलगी दर चतुर्थीला येतात. एका चतुर्थीला आई एकटीच येते. दूर्वावाली विचारत नाही. जुडी देते, आणि त्या दिवशी तिचे बोटांचे आकडे चुकतात. एवढीच गोष्ट.

लिहायला मात्र सगळा हिवाळा गेला. आमच्याकडे सकाळी गाडी टिटवाळ्याहूनच सुटते, म्हणून लेडीज डब्यात खिडकी मिळते, ही या गावाची खरी श्रीमंती. पण कल्याण येतंय किती वेळात, वीसेक मिनिटं. अंगठ्यानं एक परिच्छेद होतो, परतीच्या उभ्या प्रवासात त्यातला अर्धा पुसला जातो. काकांनी सगळ्यात जास्त त्रास शेवटाला दिला. शेवटच्या परिच्छेदावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "हा नसला तर काय बिघडतं?" हात सरकत सरकत दीड पानभर वर गेला. त्यांचं सगळंच ऐकलं असंही नाही. माझ्या कथेतल्या आईच्या हातात मोबाइल होता, तो त्यांना खुपला. कथेत मोबाइल आला की कथा दोन वर्षांत शिळी होते म्हणाले. मी ठेवला. देवळाच्या रांगेत उभी असलेली आजची आई मोबाइल नसलेली असूच शकत नाही. जुन्या माणसांचं कान देऊन ऐकावं, पण त्यांचा काळ आपल्या पात्रांच्या हातात देऊ नये, असं माझं मत झालंय.

वाचणं चाललं होतं कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात. 1864 सालची संस्था ही. दिवाळी अंकांची वर्गणी एकदा भरली की एकेक अंक बदलून नेत उन्हाळ्यापर्यंत पुरवता येतो. अंक खाकी पुठ्ठ्यात घातलेले, पानांवर शिक्के, कुणी शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवलेलं. शं. ना. नवरे तिथेच सापडले. डोंबिवलीत राहणारा हा माणूस साध्या नोकरदार घरांतून कथा काढायचा, फार आवाज न करता. बाबुराव बागुलांचं 1963 सालचं 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचलं आणि आठवडाभर स्वतःचं काही लिहवेना. एकाच कपाटातली ही दोन पुस्तकं एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखी वाटतात. शिकणाऱ्याला दोन्ही लागतात.

पाठवण्याच्या धंद्यात काही गोष्टी मात्र कुणी शिकवत नाही. जुन्या फॉन्टात टंकलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की जोडाक्षरांची हाडं मोडतात, म्हणून सोबत पीडीएफ जोडावी. मेलमध्ये कथेचा सारांश लिहू नये. आपली प्रत ठेवावी. आणि स्पर्धेचं प्रवेशशुल्क, प्रातिनिधिक संग्रहातल्या जागेसाठी सहयोग निधी, किंवा छापल्यावर दहा प्रती विकत घेण्याची अट जिथे असेल तिथून चप्पल न काढता परत फिरावं. माझ्या वर्गातल्या दोघींनी पैसे भरून आपलं नाव छापून घेतलं. जाडजूड पुस्तक आलं, त्यात सगळे लेखकच होते आणि वाचक कुणी नव्हता. ही लूट आहे. नवख्यांच्या उतावळेपणावर चालणारी.

माझी दूर्वावाली पहिल्यांदा जिथे गेली तिथून काहीच आलं नाही. वाचनालयात तो अंक आला, मी अनुक्रमणिका उभ्यानंच वाचली आणि परत ठेवला. पूर्वी 'साभार परत' यायचं. त्या दोन शब्दांवर मराठी लेखकांनी विनोद करून करून ते झिजवले. पण पाकिटावर आपलंच तिकीट, आपलंच अक्षर आणि आत आपलीच कथा आली, म्हणजे ती कुठेतरी जाऊन आली होती, एवढं तरी नक्की असायचं. मेल जातो आणि जातच राहतो. संपादकांना शिव्या देणं सोपं आहे. त्यांच्यातले कित्येक जण नोकरी सांभाळून अंक काढतात, श्रावणात जाहिरातींसाठी वणवण करतात, आणि आलेल्या ढिगात माझ्यासारख्यांच्या शकुंतला किती असतील ते देव जाणे.

पुढच्या हंगामात दुसरीकडे पाठवली. ऐन गणपतीत, गाडी खच्चून भरलेली असताना, उत्तर आलं. कथा घेत नसल्याचं, आणि खाली दोन ओळी : मुलगी का आली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे का? असेल तर इतकं लपवू नका. शहाडला उतरणाऱ्यांनी ढकलेपर्यंत मी ते तसंच धरून उभी होते. ठाऊक होतं? मला वाटलं होतं की आहे. घरी येऊन कागद घेतला आणि त्या मुलीची कथेत न येणारी दोन पानं लिहिली. ती कुठे आहे, काय करते, आईशी बोलते का. त्यातलं कथेत एकच वाक्य आलं, पण त्या वाक्यानं दूर्वावालीचं गप्प राहणं बदललं. आधी ती विचारत नव्हती, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. आता ती विचारत नाही, कारण तिला दिसलंय. दोन ओळींत हे झालं. त्या संपादकांना लिहायला किती वेळ लागला असेल, मिनिटभर?

1974 सालची एक गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. तिला 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडलं की जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात उतरवलेली. जगभर ज्याचं नाव होतं त्या शास्त्रज्ञाला आपल्या कथेवर अनोळखी माणसाची वागणूक हवी होती. कथा वाचली जाईल, नाव नव्हे, एवढा भरवसा त्यांना परीक्षकांबद्दल होता. आणि तो खरा ठरला.

आमच्याकडे उलट अवस्था. आमची नावं मुळातच अनोळखी, त्यासाठी काही उलटं करावं लागत नाही. दूर्वावाली यंदा पुन्हा गेली आहे. काका सध्या दुसऱ्याच कथेत पाऊस मोजताहेत.

तुमच्याकडे एक मागणं आहे. या दिवाळीला अंक घ्याल, विकत किंवा वाचनालयातून, तेव्हा अनुक्रमणिकेत तुम्ही कधीही न ऐकलेलं एक नाव शोधा आणि त्याच्यापासून सुरुवात करा. मोठी नावं कुठे पळून जात नाहीत. कथा आवडली तर ती का आवडली आणि नावडली तर कुठे अडली, हे दोन ओळींत संपादकांना कळवा. पत्ता आणि मेल अंकातच छापलेला असतो.