रातपाळीची मुंबई

गिरणगावात रात्र बारा वाजता सुरू व्हायची. दुसरी पाळी सुटल्याचा भोंगा झाला की लालबाग-परळच्या रस्त्यांवर माणसांचा लोंढा उतरे, आणि तिसऱ्या पाळीची माणसं त्याच लोंढ्यातून वाट काढत गेटकडे निघालेली असत. सुटलेल्यांच्या केसांत कापसाचं तूस असे. खाणावळीत उशिराची पंगत बसे, पानाच्या टपरीवर कंदील जळत असे. चाळीतल्या एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणारे दहा-पंधरा गडी. ज्याला आत जागा नसे तो चटई घेऊन गॅलरीत नाहीतर फुटपाथवर पसरे. त्यामुळे आमच्या रस्त्यावर रात्री कुठल्याही वेळी कोणी ना कोणी जागं असायचंच.

आणि ही माणसं नुसती जागत नव्हती. शनिवारी रात्री कुठल्यातरी चाळीच्या पटांगणात भजनाची डबलबारी असे. मालवण-कणकवलीकडचे दोन बुवा समोरासमोर, पखवाज तापलेला, आणि एकाच्या गजराला दुसऱ्याचं उत्तर ऐकायला दाटीवाटीनं बसलेले कोकणातले कामगार. कधी दशावतार, कधी नमन, कधी परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगार रंगभूमीचं नाटक. पैसा थोडा होता. रात्र मात्र दिलदार होती. पहाटे घरी येणाऱ्याला कोणी विचारत नसे, कारण तो कुठे होता हे आळीला आधीच ठाऊक असे.

गिरगावची रात्र वेगळी. गणेशोत्सवात रस्त्यातच मंडप, सतरंज्या, आणि रात्री दहाच्या पुढे रंगत जाणारी मैफल. मध्यरात्रीचा मालकंस, मग उत्तररात्रीचे राग, आणि दूधवाल्याच्या सायकली दिसू लागल्या की भैरवी. तिकीट नाही, निमंत्रण नाही. मोठमोठे गवई असे रस्त्यावर ऐकायला मिळत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद झाले. सणावारासाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत मुभा मिळते, पण बारा म्हणजे तर मालकंसाची वेळ! डीजेच्या भिंती आवरायला नियम हवाच होता आणि आजही तो कडक पाळला जावा असंच मला वाटतं. तरी आजच्या किती मुलांनी उत्तररात्रीचा राग उत्तररात्री समोर बसून ऐकला असेल, हा विचार आला की जीव हळहळतो.

समुद्र सगळ्यांचा होता. रिगल चित्रपटगृह १९३३चं, इरॉस आणि मेट्रो १९३८ची. शेवटचा खेळ सुटला की माणसं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर येऊन बसत, कोणी चौपाटीवर कुल्फी खाई, आणि मग चर्चगेटहून शेवटची गाडी. रिगल, इरॉस आणि मोकळं ओव्हल मैदान ज्यात येतं त्या भागाला २०१८मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा मला प्रथम आठवली ती तिथली रात्रीची गर्दी.

पण हे सांगताना एक गोष्ट लपवली तर ते स्मरण खोटं ठरेल. ती रात्र पुरुषांची होती. आमच्या आया-बहिणी रात्री बाहेर दिसत त्या गणपती-नवरात्रात, नाटकाला, आणि त्याही घरच्यांबरोबर. कारखान्यांच्या कायद्यानं बायकांना रातपाळी मना होती. एकटी बाई रात्री अकराला लालबागच्या नाक्यावर उभी असती तर त्याच दिलदार आळीनं तिला काय काय विचारलं असतं, ते मी जाणतो.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. भोंगे थांबले. खाणावळी मिटल्या. रात्री बाराला आमचा रस्ता पहिल्यांदा रिकामा दिसला, आणि पहिल्यांदाच तिथून जाताना भीती वाटली.

आज त्याच गिरण्यांच्या आवारात पुन्हा रात्रीची गर्दी आहे. फिनिक्स, कमला, मथुरादास, तोडी ही नावं तरुण मुलं खाण्यापिण्याच्या ठिकाणांची म्हणून घेतात. मला त्याचं दुःख होतं, पण तिथे मुली मोकळेपणानं हसत-बोलत बसलेल्या दिसतात त्याचा आनंद त्याहून मोठा आहे. २०१७च्या दुकाने-आस्थापना कायद्यानं संमती आणि संरक्षणाच्या अटीवर बायकांना रात्रीचं काम खुलं झालं. पहाटे तीनला कंपनीच्या गाडीतून उतरणारी मुलगी आता शेजाऱ्यांना नवी नाही. लोकलमधल्या बायकांच्या डब्यात रात्री पोलिस असतो. हे माझ्या आईच्या वाट्याला आलं नव्हतं.

मात्र २९ डिसेंबर २०१७ विसरता येत नाही. मध्यरात्र उलटताच कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या आगीत चौदा जण गेले. त्यांतले कितीतरी जण प्रसाधनगृहात आसऱ्याला शिरले आणि धुरानं गुदमरले. कोणी वाढदिवसाला आलं होतं. जिथे आमची माणसं हक्कासाठी गेटसभा घेत, त्या जमिनीवर पोरांना बाहेर पडायची वाट सापडू नये, याचा राग अजून शमलेला नाही. मुंबईची रात्र आता बंद दारांच्या आत गेली आहे. उघड्या रस्त्यावर माणूस माणसावर नजर ठेवून होता. आत गेल्यावर ती नजर दारातल्या बाउन्सरवर सोपवून चालत नाही.

म्हणून माझ्या नाती-नातवांना मी सांगतो, ते तुम्हालाही सांगतो. जा, मनसोक्त जा. टेबलावर बसण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट बघून ठेवा. ती खुर्च्या-खोक्यांनी अडवलेली असेल तर उठून दुसरीकडे जा. प्यायलात तर गाडीला हात लावू नका, आणि प्यायलेल्याच्या मागे बसू नका. आपला पेला टेबलावर सोडून नाचायला जाऊ नका. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर उतरू नका. ते शेवाळलेले असतात, तिथून घसरलेला माणूस फटींत अडकतो. शेवटची लोकल मार्गाप्रमाणे बारा ते एकच्या दरम्यान सुटते आणि पहिली पहाटे चारनंतर, तेव्हा मधल्या तासांची सोय निघतानाच करा. बरोबर आलेल्या मैत्रिणीला एकटी सोडू नका. ११२ हा आकडा पाठ असू द्या.

सरकारनं जानेवारी २०२०मध्ये निवासी वस्तीबाहेरच्या दुकानं-हॉटेलांना चोवीस तासांची परवानगी दिली. दारूला मात्र दीडची मर्यादा कायम राहिली, ते योग्यच झालं. पण नुसत्या परवानगीनं रात्र सुरक्षित होत नाही. सायकलवरून चहा-कॉफी विकणारा, भुर्जीपावची गाडी, टॅक्सी लावून डुलकी काढणारा चालक, पहाटेचे मासळीवाले, हीच आजची रातपाळी आहे. पोलिसांची गाडी आली की आधी यांनाच हुसकावलं जातं, आणि मग त्या कोपऱ्यावर अंधार उरतो. महापालिकेला माझी विनंती आहे: या माणसांना रात्रीचे परवाने द्या, त्यांच्या कोपऱ्यांवर दिवे लावा, बायकांसाठी रात्रभर उघडी आणि स्वच्छ स्वच्छतागृहं ठेवा, आणि एक ते चार या वेळेत बेस्टच्या बसगाड्या वाढवा.